रंगाच्या आधी भिंतीकडे पाहा : नाशिकच्या महापालिका सभागृहास खुले पत्र

प्रति,
मा. महापौर, मा. आयुक्त आणि सर्व सन्माननीय नगरसेवक,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, नाशिक.

विषय : शहराच्या मालकीच्या सार्वजनिक इमारतींची भूकंपाच्या दृष्टीने तपासणी करून बळकटीकरणाचा प्राधान्यक्रम ठरवणे व तो जाहीर करणे.

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात आमच्या भागातील एका सार्वजनिक शाळेत नागरिकांची बैठक झाली. शाळेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझे म्हणणे त्या एका शाळेपुरते नाही आणि तिथल्या शिक्षकांचा यात काहीही दोष नाही. बैठकीत मंजूर कामांची यादी वाचून दाखवण्यात आली : इमारतीला बाहेरून रंग, प्रवेशद्वारावर कमान, आवारात पेव्हर ब्लॉक आणि वर्गखोल्या कमी पडतात म्हणून जुन्या दुमजली इमारतीवर आणखी एक मजला. मी उभे राहून विचारले की, खालचे कॉलम हा वाढीव मजला पेलतील याची तपासणी झाली आहे का, आणि जमीन हादरली तर ते पेलतील का, हे कोणी पाहिले आहे का. उत्तर मिळाले, “काका, नाशिकमध्ये कुठे भूकंप होतो?” उत्तर देणारा तरुण सभ्य होता आणि त्याने माझा अपमान केला असे मला मुळीच वाटले नाही. परंतु त्या एका वाक्यामुळे मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि हे पत्र लिहिण्याचे कारणही तेच वाक्य आहे.

मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. नोकरीला लागून जेमतेम चार वर्षे झाली होती, तेव्हा १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या तुकडीला किल्लारी परिसरात पडझडीच्या पाहणीसाठी पाठवण्यात आले. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायला चार मिनिटे कमी असताना ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसे गेली. त्या काळच्या भूकंपाच्या नकाशात तो सारा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्र १ मध्ये दाखवलेला होता. इथे कुठे भूकंप होतो, हेच त्या नकाशाचेही म्हणणे होते.

तिथे मी जे पाहिले ते अभियांत्रिकीच्या कोणत्याही वर्गात शिकलो नव्हतो. गावातली मोठी, मानाची घरे दगडमातीची होती. अडीच-तीन फूट रुंदीच्या भिंती आणि वर कैक टन मातीचे माळवद. भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग एकमेकांत गुंतवणारे आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते, त्यामुळे हादरा बसताच भिंतीची दोन अंगे एकमेकांपासून सुटली, मधला भराव ढासळला आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले. त्याच गावांच्या कडेला कुडाच्या आणि पत्र्याच्या झोपड्यांत राहणारी कुटुंबे मोठ्या संख्येने वाचली. भिंत जाड आहे म्हणजे ती मजबूत आहे, हा समज मी तिथेच सोडला. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्या पुनर्वसनाच्या कामात मी काही वर्षे होतो, आणि एखादी इमारत पडण्याआधी तिच्याकडे कसे पाहावे हे तिथेच शिकलो. आज माझी सून एका सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका आहे आणि आठवड्यातून दोन-तीन रात्रपाळ्या करते. आमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या दोन्ही मुली वर उल्लेखिलेल्या शाळेत शिकतात. म्हणजे ज्या इमारतींविषयी मी लिहीत आहे, त्यांत माझी स्वतःची माणसे रोज जातात.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १८९३ या संहितेच्या २००२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांत नाशिक भूकंप क्षेत्र ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात आहे. मध्यम या शब्दाने निश्चिंत होण्याआधी आपण अहमदाबाद आठवावे, कारण त्या संहितेत अहमदाबादही क्षेत्र ३ मध्येच आहे. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर होते. तरीही त्या शहरात बहुमजली इमारती कोसळून सुमारे साडेसातशे माणसे मृत्युमुखी पडली. त्या काही मोडकळीस आलेल्या इमारती नव्हत्या. त्यांतल्या बऱ्याच आरसीसीच्या, नव्या, रंगरंगोटी केलेल्या होत्या. खाली पार्किंगसाठी केवळ कॉलमवर मोकळा सोडलेला तळमजला, वर भिंतींनी भरलेले जड मजले आणि पायाखाली नदीच्या गाळाची जमीन. नाशिकमध्ये कुठे हातभर खणले की काळा कातळ लागतो, तर गोदावरी, नासर्डी, वाघाडी आणि वालदेवीच्या काठांवर आणि बुजवलेल्या नाल्यांवर मऊ माती आणि भराव आहे, आणि मऊ जमिनीत हादरा वाढतो. एकाच शहरातल्या, एकाच नकाशाप्रमाणे बांधलेल्या दोन शाळांचा धोका म्हणूनच सारखा नसतो.

भूकंपाच्या नोंदी घेणारी महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपण सारे जिला मेरी म्हणतो ती, आपल्याच शहरात दिंडोरी रस्त्यावर आहे. कळवण, दिंडोरी, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत अधूनमधून सौम्य धक्के बसतात, आणि शेजारच्या पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागाने नोव्हेंबर २०१८ पासून अशा धक्क्यांची दीर्घ मालिका सोसली आहे. या लहान धक्क्यांवरून मोठा भूकंप येणारच, असे मी म्हणत नाही. तसे भाकीत आज जगात कोणालाच करता येत नाही आणि जो करतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. गोदावरीला पूर येतो तेव्हा गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले ते आधी कळते, आणि पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, हे पाहून काठावरचे दुकानदार सामान हलवतात. भूकंपाच्या बाबतीत इशारा देणारा असा कोणताही मारुती आपल्याजवळ नाही. जी काही तयारी करायची ती सारी आधी करावी लागते.

माझी पहिली तक्रार अशी आहे की, आपण सर्वजण ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या तपासण्यांची गल्लत करतो. दर पावसाळ्याआधी जुन्या नाशकातील आणि पंचवटीतील धोकादायक वाड्यांना नोटिसा दिल्या जातात. हे काम आवश्यक आहे आणि ते करणाऱ्या कर्मचाऱ्यांना लोकांचा रोषही सहन करावा लागतो, याची मला जाणीव आहे. परंतु त्या तपासणीचा प्रश्न एवढाच असतो की, इमारत आज स्वतःचे वजन आणि पावसाची ओल सोसून उभी राहील का. भूकंपाचा प्रश्न निराळा आहे. तिथे इमारतीला कोणी बाजूने ढकलत असते, पुन्हापुन्हा, उलटसुलट, आणि त्या वेळी कॉलम, बीम आणि भिंती एकमेकांना धरून राहतील का, हे पाहायचे असते. पावसाळ्याच्या यादीत येणारी इमारत झुकलेली, भेगाळलेली, डोळ्यांना दिसणारी असते. भूकंपात घातक ठरणारी इमारत बाहेरून धडधाकट दिसू शकते. तिची खोट कॉलममधल्या उभ्या सळयांना बांधलेल्या रिंगांच्या अंतरात, तळमजल्याच्या मोकळेपणात किंवा मागाहून चढवलेल्या मजल्यात लपलेली असते. ऑडिटचा कागद फाइलला लावला म्हणून भूकंपाची तपासणी झाली, असे कोणत्याही अभियंत्याने आपणास सांगू नये आणि आपण ते मानू नये.

दुसरी तक्रार न्यायाची आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे तीस वर्षे झालेल्या इमारतीच्या मालकाने नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून स्थैर्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते, आणि ते दिले नाही तर नागरिकाला नोटीस येते. शहरातील सर्वांत मोठ्या इमारतमालकांपैकी एक स्वतः महापालिका आहे. शाळा, रुग्णालये, प्रसूतिगृहे, विभागीय कार्यालये, अग्निशमन केंद्रे, नाट्यगृह, सभागृहे, व्यायामशाळा, मंडईचे गाळे, जलशुद्धीकरण केंद्रे आणि उंच जलकुंभ, या सर्वांची मालकी आपली म्हणजे आम्हा नागरिकांची आहे. नोटीस देणाऱ्याने स्वतःच्या इमारतींची प्रमाणपत्रे प्रथम फळ्यावर लावावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही. आणि इथे एक गोष्ट मला विशेष टोचते. खासगी इमारतीविषयी शंका आली तर माणूस घर बदलू शकतो, दुसऱ्या दवाखान्यात जाऊ शकतो. सार्वजनिक शाळेत मुलगी घालणाऱ्या आणि सार्वजनिक प्रसूतिगृहात सुनेला नेणाऱ्या कुटुंबाला ती निवड नसते. ज्यांच्यापुढे पर्याय नाही, त्यांच्या डोक्यावरचे छत आपण आधी तपासायला हवे.

तिसरी तक्रार कामांच्या क्रमाबद्दल आहे. सार्वजनिक इमारतींवरचा खर्च बहुधा जे दिसते त्यावर होतो, किंवा ज्या भागाचा आवाज मोठा त्या भागात होतो. रंग दिसतो, कमान दिसते, फरशी दिसते. लिंटेलच्या, म्हणजे दारे-खिडक्यांवरच्या तुळईच्या, पातळीवर भिंतीभोवती सळयांची जाळी बांधून वर काँक्रीटचा पट्टा ओतला आणि त्यावर गिलावा केला, की तो कायमचा दिसेनासा होतो आणि त्याच्या उद्घाटनाचा फोटोही चांगला येत नाही. ही लोकप्रतिनिधींची थट्टा नाही. मी सरकारी नोकरीत असताना माझ्या हातूनही अशीच अंदाजपत्रके गेली आहेत, आणि आज त्याचे मला वाईट वाटते.

आणखी एक तक्रार, थोडक्यात. इमारत तपासल्याशिवाय तिच्यावर वजन वाढवले जाते. मजला चढतो, गच्चीवर पाण्याच्या मोठ्या टाक्या बसतात, मोठी खोली हवी म्हणून मधली भिंत काढली जाते. असे निर्णय बैठकीत एका वाक्यात होतात.

आता प्राधान्यक्रम कसा लावावा, यावर मी सविस्तर लिहितो, कारण ‘सगळ्याच इमारती तपासायला पैसे कुठून आणायचे’ हा प्रश्न आपण विचाराल आणि तो रास्त आहे. सगळ्या इमारतींची सखोल तपासणी करायचीच नसते. प्रथम सर्व इमारतींची जलद पाहणी करतात. प्रशिक्षित अभियंता बाहेरून आणि शक्य तिथे आतून फिरतो, आणि साधारण तासाभरात ठरावीक नमुन्यावर नोंद करतो : बांधकाम दगडचुन्याचे, विटांचे की आरसीसीचे, बांधल्याचे वर्ष, मजले किती आणि मागाहून चढवले का, तळमजला मोकळा आहे का, इमारतीचा आकार इंग्रजी एलसारखा वाकडा आहे का, जमीन कातळाची की भरावाची, सळई गंजून काँक्रीटचे पापुद्रे सुटले आहेत का. प्रत्येक बाबीला गुण असतात आणि बेरजेवरून इमारत पुढच्या सखोल तपासणीला पाठवायची की नाही हे ठरते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने या पद्धतीविषयी २०२० मध्ये मार्गदर्शक पुस्तिकाही काढली आहे. ज्या थोड्या इमारती या चाळणीत अडकतात, त्यांचीच मग हॅमर चाचणी, अल्ट्रासोनिक चाचणी, काँक्रीटमधून कापून काढलेले नमुने (कोअर) आणि सळईचा शोध घेऊन गणित करायचे. आरसीसी इमारतींसाठी आयएस १५९८८ हे २०१३ चे आणि दगड-विटांच्या इमारतींसाठी आयएस १३९३५ हे २००९ चे मानक त्यासाठी उपलब्ध आहे.

बांधल्याच्या वर्षाला मी फार महत्त्व देतो. कॉलममधल्या रिंगा जवळजवळ बांधाव्यात आणि त्यांचे हुक १३५ अंशांत आत वळवावेत, म्हणजे हादऱ्यात त्या उघडणार नाहीत, ही तरतूद सांगणारे आयएस १३९२० हे मानक १९९३ मध्ये आले. आपल्या महापालिकेची स्थापना १९८२ ची आहे. त्या पहिल्या दशकात, आणि त्याआधी नगरपालिकेच्या काळात उभ्या राहिलेल्या आरसीसी इमारती या मानकाच्या आधीच्या आहेत. त्या वेळच्या अभियंत्यांनी चूक केली असे नव्हे. त्यांच्या हाती जे नियम होते त्यांप्रमाणे त्यांनी काम केले. आज आपल्या हाती अधिक माहिती आहे.

शाळांच्या इमारतींत एक दोष मी वारंवार पाहिला आहे. वर्गात उजेड यावा म्हणून दोन कॉलमच्या मध्ये कमरेइतकी किंवा छातीइतकी भिंत बांधतात आणि वर सलग खिडक्या देतात. भिंतीने खालून घट्ट धरल्यामुळे कॉलमची मोकळी उंची तेवढ्या खिडकीपुरतीच उरते, आणि भूकंपाचा सारा जोर त्या आखूड भागावर येऊन तिथे फुलीसारख्या तिरप्या भेगा पडतात. कॉलम आणि ती अर्धी भिंत यांच्यात योग्य फट ठेवून ती मऊ पदार्थाने भरणे, हा काही ठिकाणी पुरेसा ठरणारा उपाय आहे आणि त्याला फार खर्च येत नाही. मात्र तो कुठे पुरेल आणि कुठे कॉलमला जॅकेटिंग, म्हणजे सळई-काँक्रीटचे नवे आवरण, करावे लागेल, हे तपासणीशिवाय सांगता येत नाही.

आता गुण लावून झाल्यावर क्रम कसा लावायचा ते पाहू. सर्वांत कमकुवत इमारत पहिली, असा सरळ क्रम लावला तर तो चुकेल. समजा आपल्यापुढे तीन इमारती आहेत. पहिली दगडचुन्याची, कौलारू, फार खिळखिळी झालेली, पण तिच्यात आता जुन्या फाइली आणि मोडके फर्निचर ठेवले आहे. दुसरी चाळीस वर्षांपूर्वीची आरसीसी शाळा, मध्यम कमकुवत, दोन पाळ्यांत मिळून पाचशे मुले. तिसरी प्रसूतिगृहाची इमारत, शाळेपेक्षा किंचित बरी, पण चोवीस तास माणसांनी भरलेली, आणि त्यांतल्या बाळंतिणींना व नवजात बाळांना पळता येत नाही. केवळ भिंतींची स्थिती पाहिली तर पहिली इमारत यादीत सर्वांत वर येईल. माझ्या मते तिला कुलूप लावून, फलक लावून, सभोवती कुंपण घालून थांबता येईल, आणि पैसा प्रसूतिगृहाकडे व शाळेकडे वळवला पाहिजे. इमारत किती कमकुवत, तिथली जमीन कशी, आत किती माणसे, दिवसाचे किती तास, आणि त्यांना स्वतः बाहेर पडता येते का, या सर्वांचा विचार एकत्र केला तरच क्रम खरा लागतो.

याखेरीज एक दुसरी यादी हवी, जिचा विचार सहसा होत नाही. भूकंप झाल्यानंतरच्या पहिल्या तासात ज्या इमारतींशिवाय आपले चालणार नाही, त्यांची ही यादी. २००१ मध्ये भुजचे मुख्य सरकारी रुग्णालय कोसळले आणि जखमींवर मैदानात उपचार करावे लागले. ज्या दिवशी रुग्णालय सर्वांत जास्त लागणार होते, त्याच दिवशी ते नव्हते. अग्निशमन केंद्रात बंब बाहेर काढण्यासाठी समोर रुंद मोकळे गाळे लागतात. नेमक्या त्या बाजूला भिंत नसल्याने इमारत तिथे कमकुवत असते, आणि चौकट जरा जरी तिरकी झाली तरी शटर अडकून बंब आत राहू शकतात. केंद्रात जेमतेम दहा-वीस माणसे असतात म्हणून माणसे मोजून लावलेल्या यादीत ते खाली जाईल. वास्तविक त्याचे स्थान पहिल्या पाचात असले पाहिजे. उंच जलकुंभांचेही तसेच. वर पाण्याचे प्रचंड वजन आणि खाली बारीक खांब, अशा रचनेला भूकंप विशेष कठीण जातो, आणि जलकुंभ गेला तर आग विझवायला व प्यायला पाणी कुठून आणणार? पूर आला किंवा सिंहस्थाचा बंदोबस्त आला की माणसांना आपण शाळांतच उतरवतो, म्हणून काही निवडक शाळा या दुसऱ्या यादीतही याव्यात. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत रुग्णालये, शाळा, अग्निशमन केंद्रे आणि मोठी सभागृहे यांची नवी बांधकामे नेहमीच्या दीडपट जोर धरून करायला सांगितले आहे. नव्या इमारतींना हे महत्त्व देत असू, तर जुन्यांना क्रमात अग्रस्थान देणे त्याच विचाराला धरून होईल.

रुग्णालयाच्या बाबतीत केवळ कॉलम आणि भिंती पाहून भागत नाही. प्राणवायूच्या टाकीचा पाया आणि तिच्यापासून निघणारी नळी, जनरेटरचे बोल्ट, औषधांची उंच कपाटे, लिफ्टला तोलणारे वजन, छताखालचे पॅनेल, हे सारे हादऱ्यात सुटू शकते. २१ एप्रिल २०२१ रोजी डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले, तो दिवस कोणताही नाशिककर विसरलेला नाही. त्या दिवशी भूकंप नव्हता. त्या दुःखाचा उल्लेख मी कोणाला बोल लावण्यासाठी करत नाही. एका नळीवर किती जीव अवलंबून असतात हे आपल्या शहराइतके कोणाला सांगण्याची गरज नाही, म्हणून करतो. कपाटे भिंतीला जखडणे आणि टाक्यांचे बोल्ट तपासणे ही कामे फार कमी खर्चाची आहेत आणि त्यांसाठी कोणत्याही अहवालाची वाट पाहावी लागत नाही.

हे सर्व अशक्यप्राय नाही, कारण इतरांनी ते केले आहे. जपानमध्ये २००२ साली सार्वजनिक प्राथमिक व माध्यमिक शाळांच्या निम्म्याहून कमी इमारती भूकंपाच्या कसोटीला उतरत होत्या. इमारतींना निर्देशांक देऊन क्रमाने काम करत २०१५ पर्यंत हे प्रमाण ९५ टक्क्यांवर गेले. नेपाळमध्ये काठमांडू खोऱ्यातील ज्या सार्वजनिक शाळा आधी बळकट केल्या होत्या, त्या २०१५ च्या भूकंपात उभ्या राहिल्या. दिल्लीतही काही महत्त्वाच्या सरकारी इमारती आणि एक शाळा निवडून त्यांचे बळकटीकरण झालेले आहे. आपल्याकडे तर मेरीबरोबरच जलसंपदा विभागाची मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना नाशकातच आहे, आणि स्थापत्य अभियांत्रिकी शिकवणारी महाविद्यालयेही आहेत. माणसांची वाण नाही.

एक आक्षेप मी आधीच ऐकला आहे : अशी यादी जाहीर केली तर घबराट पसरेल आणि पालक मुलांना शाळेत पाठवणार नाहीत. पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांची यादी वर्तमानपत्रांत येते, तेव्हा घबराट पसरत नाही. लोक आपला वाडा यादीत आहे का ते पाहतात आणि बोलू लागतात. ज्या यादीसोबत ‘या इमारतीचे काम अमुक वर्षी, तोपर्यंत वरचा मजला बंद’ असे लिहिलेले असते, ती वाचून पालक घाबरत नाहीत. घबराट पसरते ती अपघातानंतर, जेव्हा कळते की कागद कपाटात होता.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. पुढील तीन महिन्यांत नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सातपूर, सिडको आणि नाशिकरोड या सहाही विभागांतील महापालिकेच्या मालकीच्या प्रत्येक इमारतीची नोंदवही पूर्ण करून जाहीर करावी. तीत बांधकामाचे वर्ष, प्रकार, मजले, मागाहून केलेले बदल, वापर आणि आतील माणसांची संख्या असावी. अशी नोंदवही आधीच तयार असेल तर ती उद्याच जाहीर करता येईल. त्यानंतरच्या सहा महिन्यांत सर्व इमारतींची जलद पाहणी करावी. तिच्या आधारे मी वर सांगितल्याप्रमाणे दोन याद्या लावाव्यात, एक जीविताच्या धोक्याची आणि दुसरी भूकंपानंतर चालू राहिल्याच पाहिजेत अशा इमारतींची, आणि प्रत्येक इमारतीला तो क्रम का मिळाला हे दोन ओळींत मराठीत लिहून याद्या संकेतस्थळावर आणि विभागीय कार्यालयांच्या फलकांवर लावाव्यात.

येत्या अंदाजपत्रकात या कामासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, आणि त्यातील रक्कम रंग, कमानी किंवा सुशोभीकरणाकडे वळवता येणार नाही असा ठराव सभागृहाने करावा. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांत ज्या सार्वजनिक इमारतींना हात लागणार आहे, त्यांची पाहणी त्या कामांसोबतच उरकावी, म्हणजे एकदा केलेला गिलावा पुन्हा फोडावा लागणार नाही. दरवर्षी किती इमारती तपासल्या, किती बळकट केल्या आणि यादीत किती उरल्या, याचा अहवाल महासभेपुढे यावा.

एका मागणीला मात्र तीन महिन्यांचीही मुदत देता येणार नाही. भूकंपाच्या दृष्टीने तपासणी झाल्याशिवाय कोणत्याही जुन्या सार्वजनिक इमारतीवर मजला चढवू नये, भिंत काढू नये आणि मोठ्या टाक्या बसवू नयेत, असा आदेश आयुक्त महोदयांनी आजच काढावा. वर्गखोल्यांची गरज खरी आहे, मी ती नाकारत नाही. आवारात जागा असेल तिथे स्वतंत्र, नव्या मानकाप्रमाणे खोल्या बांधाव्यात.

ज्या शाळेचा उल्लेख मी सुरुवातीला केला, तिथे पावसाळा संपताच मजल्याचे काम सुरू होईल, असे बैठकीत सांगण्यात आले. आमच्या घरी येणाऱ्या ताईंची धाकटी मुलगी त्या शाळेच्या तळमजल्यावर, जिन्याशेजारच्या वर्गात बसते. मी आणि माझ्याबरोबर काम केलेले काही निवृत्त अभियंते त्या इमारतीची प्राथमिक पाहणी कोणतेही मानधन न घेता करून देण्यास तयार आहोत. आम्हाला फक्त प्रवेशाची परवानगी, मूळ नकाशे असल्यास त्यांची प्रत आणि सुट्टीच्या दिवशी शाळेच्या चाव्या हव्या आहेत. आमच्या पाहणीवर विश्वास ठेवण्याचे बंधन आपणावर नाही. आपण आपला तज्ज्ञ नेमून ती पुन्हा तपासून घ्यावी. आपल्या उत्तराची मी दिवाळीपर्यंत वाट पाहीन आणि ते आल्यावर, ते काहीही असले तरी, याच पत्राप्रमाणे सर्वांसमोर ठेवीन.

कळावे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
नाशिक